आधी त्या गोधड्या उचला

सुमनकाकूंचा फोन आला तेव्हा मी गेटवर होतो, एका गाडीच्या पोटाखाली आरसा फिरवत. ड्युटीवर फोन घ्यायचा नसतो, पण काकू उगाच फोन करणाऱ्यातल्या नाहीत, म्हणून घेतला. "मेश्राम, तुमचे काका गेले," त्या म्हणाल्या. "अहो, सकाळी दाढी केली, रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईच्या चार चुका काढल्या, जरा आडवे होतो म्हणाले आणि गेले. कुणाला काही बोलायला जागाच ठेवली नाही." मी आरसा धरून तसाच उभा राहिलो. गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. त्याला सोडलं, मागच्याला सोडलं, आणि मग लक्षात आलं की आपण रडत नाही आहोत, हसतो आहोत... रेडिओवरच्या बाईचं पुढं काय झालं असेल, हा विचार डोक्यात आला होता.

पाळंदेकाका माझ्या नात्याचे कुणी नव्हते. मी भंडाऱ्याकडचा, ते बुधवार पेठेतले. मी आठवीत शाळा सोडलेला वॉचमन, ते वाचनवेडे. माझे डोळे शाबूत, त्यांचे लहानपणीच देवीच्या रोगात गेलेले. तरी पुण्यात मला कुणी विचारलं, तुमचं इथं कोण आहे, तर मी त्यांचंच नाव सांगायचो. आज त्यांना जाऊन काही आठवडे झाले. मी लिहिणारा माणूस नाही. पण माझी मुलगी मित्रा म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलता तसं लिहा, शुद्धलेखन मी बघते." मित्रा जन्मापासून आंधळी आहे, आणि ती 'बघते' असंच म्हणते. आंधळी हा शब्दही काकांनीच आमच्या घरात आणला. "दृष्टिहीन वगैरे सभेत म्हणावं," ते सांगायचे, "घरात एवढा मोठा शब्द अडगळ करतो."

त्यांची माझी ओळख झाली ती एसटीडी बूथवर. अपंगांच्या कोट्यातून त्यांना बूथ मिळाला होता, पण शहरातल्या जागा सगळ्या अडलेल्या, म्हणून मिळाला थेट खराडीच्या रस्त्यावर. तेव्हा तिथं शेतं आणि खडी फोडायच्या खाणी होत्या. लोक म्हणाले, पाळंदे, तिथून फोन कोण करणार, म्हशी? मग आयटी पार्कांचं बांधकाम सुरू झालं, आमच्यासारखे देशभरातले मजूर येऊन पडले, आणि संध्याकाळी काकांच्या बूथपुढे रांग लागायला लागली. मीही त्या रांगेत. गावात एका किराणा दुकानात फोन होता, तिथं आईला बोलावून आणायचे. पहिल्यांदा फोन लागला तेव्हा मी इतक्या जोरात बोललो की रांगेतली माणसं मागं सरकली. काका शांतपणे म्हणाले, "अहो, भंडाऱ्यापर्यंत असंच ओरडायचं असेल तर फोन कशाला मध्ये? ती तार आहे ना, तिला थोडं काम करू द्या." मी घाबरून एवढा हळू बोललो की आईला काही ऐकू येईना. मग ते म्हणाले, "आता मधलं काहीतरी. तुम्हाला जमेल."

मीटरवरचे आकडे गिऱ्हाइकांनीच वाचून सांगायचे. कुणी कमी सांगितले तर काका म्हणायचे, "तुमचं बोलणं जेवढं लांबलं तेवढं मीटर लांबलेलं दिसत नाही. बघा जरा, डोळ्यात काही गेलंय का." माणूस लाजून खरे आकडे सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच यायचा. काकांचं बोलणं लागायचं, पण खुपून राहायचं नाही. आमच्याकडं माणूस प्रेमानं बोलतो तेव्हा गोड बोलतो. पुण्यात प्रेम असंही करतात, हे मला कळायला वेळ लागला.

पार्कं उभी राहिली आणि मी तिथंच गेटवर लागलो. शालूशी लग्न झालं. शालू माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडं मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच धरतात, आणि घरची मुलगी घरातच राहिली म्हणून सगळे खूश होते. मित्रा पुण्यातच झाली. नाव ठरवलं होतं संघमित्रा. जन्मली तेव्हा छान गोरी, अंगानं भरलेली. दुसऱ्या दिवशी तिच्या टाचांवर आणि मांड्यांवर जांभळे डाग दिसायला लागले, ते पसरत गेले, मध्ये काळे पडत गेले. एका सिस्टरनं टॉर्च डोळ्यांवर धरला आणि डॉक्टर मॅडमना बोलावून आणलं. बुबुळाच्या मध्ये जिथं काळं दिसायला हवं, तिथं पांढुरकं दिसत होतं.

मॅडमनी आम्हाला बसवून सांगितलं, माझ्यासारख्याला कळेल अशा भाषेत. रक्तात गाठी व्हाव्यात म्हणून काही गोष्टी असतात, आणि गाठी नको तिथं होऊ नयेत म्हणून आवर घालणाऱ्याही असतात. या बाळात तो आवर घालणारा एक घटक जवळजवळ नाहीच. म्हणून बारीक बारीक नसांत रक्त गोठतं. कातडीत गोठलं ते डाग झाले. डोळ्यांत ते बहुधा पोटात असतानाच गोठलं, मागचा पडदा सुटला, आत रक्त उतरलं. "जीव वाचवता येईल," त्या म्हणाल्या, "डोळ्यांबद्दल मी खोटी आशा देणार नाही." मग विचारलं, तुमचं दोघांचं नातं काय? मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हा दोष तुम्हा दोघांत अर्धा अर्धा असणार, म्हणून तुम्हाला कळला नाही. तिच्यात दोन्ही अर्धे एकत्र आले. यात कुणी काही केलेलं नाही." तेव्हा मला मामांचा पाय आठवला. मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, एक पाय कायम सुजलेला असायचा, आणि सगळे म्हणायचे, शेतात काटा मोडला होता. तिथंही नसेत रक्तच गोठलं असणार.

त्या संध्याकाळी मी बूथवरून गावाला फोन केला. आमच्या घरात बुद्धवंदना होते, ग्रहण-बिहण आम्ही मानत नाही, सगळं सोडून दिलेलं. पण पहिली नात आणि अंगावर काळे डाग म्हटल्यावर आईच्या तोंडून निघून गेलं, "ग्रहणात सुपारी कातरली असन तिनं. सांगितलं होतं का नाई मी?" फोन ठेवून बाहेर आलो. बूथमधलं बोलणं काकांना ऐकू यायचंच, पण ते कधी त्यावर बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. म्हणाले, "माझ्या आजीनं सांगितलं होतं, देवी कोपली म्हणून माझे डोळे गेले. मी साठीला आलो, त्या देवीला मी काय केलं होतं ते अजून कुणी सांगितलं नाही. मेश्राम, ती सुपारी बिचारी निर्दोष आहे. बायकोला जाऊन तेवढं सांगा." मी दवाखान्यात जाऊन शालूला ते जसंच्या तसं सांगितलं. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदा हसली... हसता हसता रडली, पण आधी हसली.

प्लाझ्मा चढवून चढवून मित्रा वाचली. डाग सुकले, टाचांवर व्रण राहिले. एका डोळ्याला उजेड आणि अंधार एवढं कळायचं, दुसऱ्याला तेही नाही. रक्त गोठू नये म्हणून रोज एक औषध सुरू झालं, ते जन्मभराचं. मध्ये मध्ये रक्त तपासायचं, फार पातळ नको, फार घट्ट नको. आणि मॅडमनी बजावलं, डोक्याला मार लागला तर तडक इकडे यायचं, कारण या औषधावर रक्त लवकर थांबत नाही.

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. बाकीचं सगळं ऐकलं, पण जगलो त्या एका वाक्यावर. मांजरी गावात आमची भाड्याची एक खोली होती. गावाहून आईनं पाठवलेल्या, सासूनं पाठवलेल्या, शेजारच्या बायकांनी शिवून दिलेल्या, जेवढ्या म्हणून गोधड्या मिळाल्या तेवढ्या मी जमिनीवर अंथरल्या. एकावर एक. भिंतींच्या कडेला उशा लावल्या. चुलीपाशीसुद्धा गोधडी होती, फक्त शेगडीखाली नव्हती. आणि तरीही मित्रा कडेवरच असायची, माझ्या नाहीतर शालूच्या. दोन वर्षांची होऊन गेली तरी ती उभी राहायची नाही. बोलायची मात्र अशी की काही विचारू नका. कडेवर बसून अख्ख्या आळीला हाका मारायची. मॅडम म्हणाल्या, पायांत काही दोष नाही, हिला चालू द्या. मी हो म्हटलं आणि उचलून घरी आणलं.

एका रविवारी काका आणि काकू आमच्याकडे जेवायला आले. शालूनं वडाभात केला होता. काका दारातून आत आले, दोन पावलं टाकली आणि थांबले. काठी टेकवून बघितली. काठीचा आवाजच झाला नाही. "हे काय आहे?" ते म्हणाले. "घर आहे का गादी कारखाना?" मी कौतुकानं सांगितलं की पोरीसाठी सगळीकडं अंथरलंय. त्यांनी काठी आणखी एकदा टेकवली. मग म्हणाले, "मेश्राम, मी आत्ता कुठं उभा आहे?" मी म्हटलं, खोलीच्या मध्ये. "तुम्हाला दिसतंय म्हणून. मला विचाराल तर मी ढगात उभा आहे. पायाखाली काही कळत नाही, आवाज परत येत नाही. अहो, मला इतकी वर्षं झाली चालायला, आणि मी घाबरलो. ती पोर कशी उतरेल खाली?... आधी त्या गोधड्या उचला."

शालू मधे पडली. "बाप्पा काका, पोरीले लागन ना! रक्त थांबत नाई तिचं."

"लागेल," काका म्हणाले. "तुम्हालाही लागलं असेल की लहानपणी. पुढं काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग."

"मले नाई पाहवत."

"मलाही नाही पाहवत," काका म्हणाले, "पण माझी गोष्ट वेगळी आहे."

काकू म्हणाल्या, "अहो, पुरे." पण शालूला हसू फुटलं, आणि हसल्यावर माणसाला नीट भांडता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारून आलो. त्या म्हणाल्या, "मी वेगळं काय सांगत होते? टोकदार कोपरे तेवढे झाका, डोकं सांभाळा, आणि सोडा तिला." मग पुढच्या रविवारी काकांच्या हुकमाप्रमाणे घर पुन्हा मांडलं. दारापाशी तरट. तिथून आत चटई. मोरीकडं जाताना उघडी शहाबादी फरशी. झोपायच्या कोपऱ्यात एकच गोधडी. ओट्याच्या आणि कपाटाच्या कोपऱ्यांना मी सायकलची जुनी ट्यूब कापून बांधली. काका स्वतः अनवाणी फिरून बघत होते आणि मी लहान पोरासारखा मागं मागं.

मग त्यांनी मित्राला तरटावर बसवलं आणि आपण समोरच्या भिंतीशी जाऊन बसले. हाक मारली नाही, काही नाही. तपकिरीची डबी काढली, चिमूट ओढली आणि जोरात शिंकले. मित्रा खिदळली. "आजोबा, तुम्ही कुठं आहात?" ते गप्प. तिनं तरटावरून हात फिरवला, मग पुढं चटईवर. परत तरटावर. परत चटईवर. तिच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येणार नाही... तिला कळलं की जमीन सगळीकडं सारखी नसते. काका पुन्हा शिंकले, या वेळी मला वाटतं खोटंच. ती कपाटाला धरून उठली, हात सोडला, चटईवर दोन-तीन पावलं टाकली, फरशीचा गार स्पर्श लागला तशी दचकली आणि पडली. ओठ दातात आला. रक्त आलं.

मी रिक्षा आणायला दाराकडं पळालो. मागून काकांचा आवाज आला, "मेश्राम, कापड. दाबून धरा. पळायचं असेल तर नंतर पळा." शालूनं आधीच तिला मांडीत घेतलं होतं. स्वच्छ फडकं ओठावर दाबून आम्ही दोघं बसलो. रक्त नेहमीच्या पोरापेक्षा जास्त वेळ आलं, मी ते खोटं कशाला सांगू. काका जागचे हलले नाहीत, पण त्यांची काठी त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती, ते मी पाहिलं. त्यांनाही भीती वाटत होती. शेवटी रक्त थांबलं. शालूनं फडकं काढलं, आणि मित्रा सुजलेल्या ओठानं म्हणाली, "आजोबा, आता शिंका ना."

त्या दिवशी ती खोलीभर चालली. संध्याकाळी मॅडमना दाखवून आणलं, त्या म्हणाल्या, ठीक आहे. घरी येताना मला तिला कडेवर घ्यायचं होतं आणि ती घेऊ देईना. सगळ्या गल्लीला सांगत चालली, मी पडले, मी पडले. जसं काही बक्षीसच मिळालं होतं.

पुढं सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि बूथ बंद पडला. काकांना वाईट वाटलं असेल, पण दाखवलं नाही. "माझं दुकान आता प्रत्येकाच्या खिशात आहे," म्हणायचे, "फक्त भाडं दुसऱ्याला जातं." मग त्यांचा सगळा वेळ मित्राचा. तिला काठी कशी धरायची ते शिकवलं, ब्रेल शिकवली, आणि पुणेरी बोलणंही शिकवलं, ते मात्र जरा जास्तच. शाळेत एका पाहुण्या बाईंनी तिला विचारलं, बाळ, तुला अंधाराची भीती नाही वाटत? मित्रा म्हणाली, "नाही, लाइटच्या बिलाची वाटते, पण आमच्याकडे ते बाबा भरतात." मला तक्रार आली. मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "वाक्य लांबलं जरा. छोटं करायला हवं होतं."

भीती माझी गेली नाही. मित्रा कॉलेजला जायला लागली तेव्हा मी तिच्या मागं मागं थोड्या अंतरावरून चालत बसस्टॉपपर्यंत जायचो. तिला कळत नाही असं मला वाटायचं. एक दिवस काका म्हणाले, "तुम्ही मागं चालता ते चाला. पण गळ्यातली शिट्टी तरी काढून ठेवा, तिची साखळी वाजते. पोर मुद्दाम हळू चालते, तुम्हाला दम लागू नये म्हणून." आता ती खराडीलाच नोकरीला आहे, कंप्युटर तिच्याशी बोलतो आणि ती त्याच्या चुका काढते, असंच तिचं काम आहे. पगार माझ्याहून जास्त. मी शेजारच्या गेटवर असतो. काका म्हणायचे, "म्हणजे बाप अजून मागंच."

ते गेल्यावर आम्ही तिघं बुधवार पेठेत जाऊन आलो. खाली इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, वर त्यांच्या दोन खोल्या. काकू म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हापासून या घरातलं स्टूलसुद्धा कधी हललं नाही. हे हाताच्या अंदाजानं चालणार, म्हणून जिथली वस्तू तिथं. "मला ते कपाट खिडकीजवळून काढायचं होतं हो, उजेड अडतो. एवढी वर्षं मनात होतं. आता हलवता येईल... आणि आता हात लागत नाही." कपाट तिथंच होतं, काकांची टोपी त्यावर.

परवा रविवारी मित्रा म्हणाली, मी काकूंकडे जाऊन येते, एकटीच. बस बदलून, गर्दीतून, दगडूशेठच्या रांगांमधून. मी म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, "नको बाबा." मी मागंही गेलो नाही. खरंच नाही गेलो. घरात बसून राहिलो, शालू म्हणाली, बसा, नाहीतर फरशी झिजन. दुपारी काकूंचा फोन आला. आवाज जरा वेगळा वाटला म्हणून मी आधीच बूट घालायला लागलो.

"पोचली हो," काकू म्हणाल्या. "पण माझंच चुकलं. काल शेजारच्यांना बोलावून मी ते कपाट हलवलं एकदाचं, आणि हिला सांगायला विसरले. ही सवयीनं आली सरळ, आणि नडगी आपटली ना त्यावर!"

"रक्त?" मी विचारलं.

"नाही, नाही. निळं पडलंय जरा, बर्फ लावलाय. मी म्हटलं, बाई गं, परत होतं तिथं ठेवू या. तर म्हणाली..." काकू थांबल्या. मागून मित्राचाच आवाज आला, मोठ्यानं, मला ऐकू जाईल असा, "राहू द्या काकू तिथंच. तुम्हाला उजेड येतोय ना? मला आता कळलंय ते कुठं आहे."

मी एका पायात घातलेला बूट काढून ठेवला.